मुळशीचे पाणी, गिरणीची वीज आणि आपला कापूस

(मुळशी तालुक्यात पौड येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे.)



वऱ्हाडातून, मराठवाड्यातून आणि मंगळवेढ्याच्या बाजूने तुम्ही एस.टी.त रात्र काढून इथे आलात. येताना काहीजण विचारत होते, हा भाताचा मुलूख. इथे पाऊस सोसवत नाही आणि आपल्याकडे तो पडत नाही. मग कापूस-ज्वारीवाल्यांनी इथे येऊन पाहायचे काय?

सकाळी आपण ज्या जलाशयाच्या काठाने आलो, त्याच्या तळाशी गावे आहेत. टाटांच्या वीज कंपनीसाठी हे धरण ठरले, तेव्हा इथल्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढे होते. तीन वर्षे लोक झुंजले, तुरुंगात गेले. पण खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांकडे होते. कसणारा म्हणत होता जमीन देणार नाही, आणि कागदवाला म्हणत होता भाव वाढवून द्या. लढा तिथेच फुटला. धरण झाले. १९२७ साली घाटाखाली भिरा इथे वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. मुंबईच्या कापडगिरण्या या विजेच्या मोठ्या गिऱ्हाईक.

त्या गिरण्यांत कापूस कोणाचा होता? तुमच्या-आमच्या आजोबांचा. आणि पाणी कोणाचे? ही मुळा नदी मूळची पूर्वेला वाहते, मुठेला मिळून भीमेला जाते आणि भीमा पंढरपूर-सोलापूरच्या ज्वारीच्या रानांकडे जाते. ते पाणी वळवून पश्चिमेला कोकणात सोडले. मुळशीकरांची जमीन गेली, सोलापूरवाल्यांचे पाणी गेले, वऱ्हाडवाल्यांचा कापूस गेला. तिघांना एकमेकांची खबर नव्हती. शंभर वर्षांनी आपण एका मांडवात बसलो आहोत, म्हणून हे सांगतो.

आता याच तालुक्याचे दुसरे टोक पाहा. हिंजवडी, माण. इथे औद्योगिक विकास महामंडळाने जमीन घेऊन संगणक कंपन्यांची मोठी वसाहत उभी केली. रोजगार आला, हे खरे आहे. आम्ही कारखान्याच्या विरोधात नाही, कधी नव्हतो. शेतीतून माणसे बाहेर पडली पाहिजेत हे तर आम्हीच ओरडून सांगत आलो. पण त्या काचेच्या इमारतीत बसणारा मुलगा देशभरातून येतो आणि जमीन दिलेल्याचा मुलगा पुष्कळदा फाटकाशी असतो. ज्याने चार गुंठे राखून ठेवले, त्याने खोल्या बांधल्या, गाडी कंत्राटावर लावली, तो बरा राहिला. ज्याने सगळे एकदम दिले, त्याचा पैसा लग्नात आणि मोटारीत संपला. जमीन घेताना सरकारने मोजणी केली, पंचनामा केला, झाडे मोजली. घरातल्या पोराला काय शिकवले तर तो या इमारतीच्या आत जाईल, हे कुणी मोजले नाही.

सरकार म्हणेल, आम्ही योजना केल्या. केल्या, नाही कोण म्हणतो! महामंडळ १९६२ सालचे. उद्योग मुंबई-पुण्याबाहेर जावेत म्हणून सवलतींची सामूहिक योजना १९६४ सालची. तालुक्यांचे गट पाडले. जितका मागास तितकी सवलत जास्त. वीस वर्षांनी, १९८४ मध्ये दांडेकर समितीने हिशेब मांडला तेव्हा अनुशेष निघाला सुमारे ३१८७ कोटींचा, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा विदर्भाचा. मग १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेषाला मात्र मुदत नाही.

माणसे शिकवण्याचेही तसेच. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, महाराष्ट्राने देशाला दिलेला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसायकरातून खेड्यातल्या मजुराला काम, ही कल्पना मोठी होती आणि दुष्काळात तिने माणसे जगवली. पण वीस वर्षे खडी फोडली तरी माणूस गवंडी झाला नाही. कारण कामाबरोबर शिकवण नव्हती. १९७९ मध्ये केंद्राने ट्रायसेम आणली. गावच्या तरुणाला स्वतःच्या धंद्यासाठी शिकवायचे. गटागटाला उद्दिष्ट ठरले, शिवणयंत्रे वाटली, आणि अनेक गावांत एका गल्लीत पाच शिंपी झाले. पाचही बसून. १९९९ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विरघळली. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे. तिच्याबद्दल महालेखापरीक्षकांनी २०२५ मध्ये जे लिहिले ते वाचा. प्रशिक्षणार्थींच्या नोंदी तपासल्या, तर नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी बँक खात्याचा रकाना कोरा किंवा नुसती शून्ये! आपल्या कर्जाच्या कागदावर एक शून्य चुकले तर तलाठ्यापासून बँकेपर्यंत किती खेटे पडतात ते आठवा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे एकाच दिवशी सुरू झाली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय व पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सुरुवातीला सहा महिने. पैसे वाईट नाहीत. पण सातव्या महिन्यात पोरगा कुठे असतो, हा प्रश्न आहे.

मग शिकवणे म्हणजे काय, ते पाहायला लांब जायला नको. याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. कोरडवाहू, आपल्यासारखेच. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीची नोकरी सोडून पत्नीसह तिथे राहायला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचे म्हणणे साधे होते. शाळेत नापास झालेला पोरगा मठ्ठ नसतो, त्याला हाताने करून शिकायची संधी मिळालेली नसते. म्हणून वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, पाण्याचा शोध असे सगळे एका वर्षात, प्रत्यक्ष काम करून शिकवायचे. आणि ते काम गावाचे. कुणाच्या गोठ्याचे छप्पर, कुणाच्या विहिरीची जागा. जमिनीची विद्युत-रोधकता मोजून पाणी कुठे लागेल याचा अंदाज मुले घेत. जीपचे भाग वापरून त्यांनी लहान ट्रॅक्टर केला, मेकबुल. लोखंडी सांगाड्याचे घुमटाकार घर केले, त्याला लोक पाबळ डोमच म्हणतात. हीच पद्धत पुढे राज्यातल्या अनेक शाळांत मूलभूत तंत्रज्ञान म्हणून गेली. परदेशातल्या एमआयटी संस्थेने आपल्या देशाबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये इथे काढली.

यात हुशारी कुठे आहे ते लक्षात घ्या. गिऱ्हाईक आधी, प्रशिक्षण मागून. ज्याने काम करून घेतले तो पैसे देतो, म्हणजे पोरगा शिकला की नाही याची परीक्षा गावच घेते. सरकारी योजनेत परीक्षा घेणारा, शिकवणारा आणि बिल काढणारा यांचे गोत्र बहुतेकदा एकच असते.

दुसरे उदाहरण जालन्याचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे बियाण्याची कंपनी काढली आणि जालना देशातले बियाण्याचे मोठे केंद्र झाले. संकरित कपाशीचे बी करायचे तर फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी परागकण लावावे लागतात. हे कसब शेतातल्या बायका शेतातच शिकल्या. त्यांना प्रमाणपत्र कुणी दिले नाही, मजुरी मिळाली. पुढे देऊळगाव राजाच्या बाजूला भाजीपाला बियाण्याची शेडनेट उभी राहिली, तीही याच कसबावर.

आणि सरकारने नव्या ज्ञानाचे दार बंद ठेवले तर शेतकरी खिडकीतून आत येतो, हेही विसरू नका. गुजरातमध्ये २००१ साली विनापरवाना बीटी कपाशी रानात उभी सापडली, त्यानंतर मार्च २००२ मध्ये परवानगी निघाली. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला तणनाशकसहनशील कपाशी उघडपणे पेरून सत्याग्रह झाला. नवनिर्मितीच्या भाषणांसाठी मंडप घालणारे सरकार आणि नवे बी पेरले म्हणून गुन्हा नोंदवणारे सरकार, दोन्ही एकच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. हजार एकर. देशात असे सात पार्क, एकूण तरतूद ४४४५ कोटी. घोषणा अशी की शेतापासून धागा, धाग्यापासून कारखाना, तिथून फॅशन आणि मग परदेश. पाच पायऱ्यांत शेत पहिली पायरी आहे. पहिल्या पायरीवर पाय देऊन बाकीचे वर जातात, हे मुळशीत आपण आज पाहिले.

आम्ही पार्कला नको म्हणत नाही. मुंबईची गिरणी आपल्या दारात येत असेल तर स्वागत आहे. पण क्विंटलभर कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी. रुई पार्कात जाईल. सरकीचे तेल आणि ढेप कोण काढणार? पऱ्हाटी बांधावर जाळण्याऐवजी तिचे काही करणार कोण? जिनिंगचा फिटर कुठला असेल? नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या तालुक्यातली किती पोरे तिथे जाऊन आली? आज इथे हात वर करायला सांगितले तेव्हा दोन हात वर आले.

म्हणून एक काम सांगतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. प्रत्येक तालुक्याने जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात एक अर्ज टाकायचा. गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यातली किती मुले-मुली कशात शिकली, संस्थेला माणशी किती रुपये दिले, आणि वर्षानंतर त्यांपैकी किती जण त्याच कामात आहेत. अमरावतीवाल्यांनी आणखी एक अर्ज औद्योगिक विकास महामंडळाकडे टाकायचा. पार्कात स्थानिक शेतकऱ्यांच्या कंपन्यांना जिनिंग-सरकीसाठी गाळे राखले आहेत का, आणि कोणत्या भाड्याने. ज्यांच्या घरात शिकून आलेला पोरगा बसून आहे, त्यांनी त्याला बैठकीला सोबत आणायचे. तो काय शिकला आणि त्याला कोणते यंत्र चालवता येते, हे त्याच्याच तोंडून ऐकायचे आहे.

अर्जाचे नमुने मांडवाच्या डाव्या बाजूला टेबलावर आहेत. ज्वारीची काढणी उरकली की जिल्हा बैठका लागतील, उत्तरे तोवर हातात यायला हवीत. जेवण तयार आहे. इथल्या बायाबापड्यांनी आंबेमोहोर रांधला आहे, आपण सोबत आणलेल्या भाकरी त्यांना वाढा.