नेम धरावा, नेम पाळावा

(युवक-पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी भाषेत ‘नेम’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. जत्रेत फुगे फोडणारा बंदूक रोखतो, तो त्याचा नेम. घरातील आजी कितीही थंडी असली तरी सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही, तोही तिचा नेमच. पहिला नेम धरायचा असतो, दुसरा पाळायचा असतो. धनुर्विद्येच्या मैदानावर हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ब्रिटनमध्ये युवकांसाठी चालणाऱ्या एका उपक्रमात तर पाळलेल्या नेमाचे मोल धरलेल्या नेमाहून अधिक मानले जाते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

तो उपक्रम म्हणजे ‘ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार’. १९५६ साली राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी त्याचा प्रारंभ केला. १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट हे त्याचे पहिले संचालक. मात्र मूळ विचार कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाचा. जर्मनीतील झालेम येथे त्यांनी शाळा उभारली होती. हिटलरविरुद्ध उघड भूमिका घेतल्यामुळे १९३३ साली त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये आले आणि १९३४ साली त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. प्रिन्स फिलिप हे तेथील विद्यार्थी. आधुनिक जीवनात तरुणांची शरीरक्षमता, पुढाकार, स्मरण व कल्पनाशक्ती, कामातील निगुती, आत्मसंयम आणि करुणा या सहा गोष्टींचा ऱ्हास होत आहे, असे निदान हान यांनी केले होते. त्यावरचा उपायही त्यांनी सुचवला. तरुणाच्या हाती उपदेशाचे पुस्तक देण्याऐवजी त्याला करण्याजोगे काम द्यावे आणि ते दीर्घकाळ करू द्यावे.

पुरस्काराची रचना

हा पुरस्कार १४ ते २४ या वयोगटासाठी आहे. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. सेवा, शारीरिक क्रीडा, कौशल्य आणि साहसी प्रवास हे त्याचे चार विभाग. सुवर्णासाठी घराबाहेर अपरिचितांसमवेत पाच दिवस राहून करायचे सामूहिक कार्य हा पाचवा. साहसी प्रवासही पायरीगणिक वाढतो. कांस्याला दोन दिवस आणि एक रात्र, सुवर्णाला चार दिवस आणि तीन रात्री.

शारीरिक विभागात कोणता खेळ निवडायचा हे मुलाने वा मुलीने स्वतः ठरवायचे असते. त्या यादीत धनुर्विद्येला मानाचे स्थान आहे. ब्रिटनमधील व्यवस्थेनुसार कांस्यासाठी किमान तीन महिने, रौप्यासाठी तीन वा सहा, तर सुवर्णासाठी सहा वा बारा महिने तो खेळ खेळावा लागतो. आठवड्याला सरासरी निदान एक तास. हिशेब केला तर तीन महिन्यांचे तेरा तास आणि वर्षाचे बावन्न तास भरतात.

आता एखादा हुशार विद्यार्थी विचारील, तेरा तास तर दोन दिवसांतच भरून काढता येतील. मग तीन महिने कशाला? या उपक्रमाचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. दोन दिवसांत उरकलेले तेरा तास तेथे ग्राह्य धरले जात नाहीत. पावसाळी शनिवारी, परीक्षा जवळ आल्यावर, मित्र चित्रपटाला निघाले असताना, तसेच खेळाचा पहिला उत्साह ओसरल्यावरही मैदानावर येणे, याची नोंद त्या तासांत व्हायची असते. आजारपणामुळे किंवा परीक्षेमुळे खंड पडला तर तो अपराध ठरत नाही. पुन्हा प्रारंभ करून उरलेला काळ पूर्ण करता येतो. व्रत मोडले तर ते पुन्हा धरावे, ही आपल्याकडील घराघरांतील समजूतही याहून वेगळी नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे उत्तीर्ण होण्यासाठी ठरावीक गुणसंख्या नसते. कोणाला हरवायचेही नसते. प्रत्येकाने आरंभी आपले उद्दिष्ट लिहून द्यायचे आणि शेवटी एका जाणकार मूल्यमापकाने प्रगतीचा अहवाल लिहायचा. हा मूल्यमापक कुटुंबातील व्यक्ती असून चालत नाही. वत्सल डोळ्यांना उणिवा दिसत नाहीत, हे त्या नियमकर्त्यांनी नेमके ओळखलेले दिसते.

जुनी परंपरा, नवा उपयोग

ब्रिटनच्या भूमीला धनुष्य नवे नाही. १३६३ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने सणासुदीच्या दिवशी इतर खेळ सोडून धनुष्याचा सराव करावा, अशी आज्ञा प्रजेला दिली होती. १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्रज धनुर्धरांनी फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली. १५४५ साली पोर्ट्समथजवळ बुडालेले ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकेचे धूड १९८२ साली समुद्रातून वर काढण्यात आले. त्या नौकेवरील शंभराहून अधिक लांब धनुष्ये संशोधकांच्या हाती लागली. त्याच १५४५ मध्ये रॉजर अ‍ॅस्कम यांचा ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजी भाषेत धनुर्विद्येवर लिहिलेला तो पहिला ग्रंथ. उभे राहणे, बाण दोरीवर चढवणे, दोरी ताणणे, ताण धरून ठेवणे आणि बाण सोडणे अशा पाच क्रिया अ‍ॅस्कम यांनी सांगितल्या. आजचा प्रशिक्षकही नवशिक्याला याच क्रमाने शिकवतो.

फरक एवढाच की, चौदाव्या शतकात राजाज्ञा होती आणि आजचा सराव स्वेच्छेचा आहे. आज्ञेने झालेला सराव आज्ञा संपताच थांबतो. स्वतः स्वीकारलेला नेम मात्र माणसाला घडवीत राहतो.

मैदानावरचा एक तास

पुष्कळांना शंका येते की, एका जागी उभे राहून बाण मारण्यात व्यायाम तो काय? या शंकेचे निरसन हिशेबानेच करावे. नवशिक्याला हलके धनुष्य देतात. ते वीस पौंड ताणाचे धरले, तर प्रत्येक बाणाला सुमारे नऊ किलो ओढावे लागतात. ऑलिंपिक पद्धतीच्या फेरीत ७२ बाण असतात. म्हणजे एवढ्या हलक्या धनुष्यानेही एका फेरीत एकूण साडेसहाशे किलोंच्या आसपास ओढ होते. ती ओढ दंडाच्या बळावर घेणारा लवकर थकतो. खांद्याची पाती एकमेकींकडे आणून पाठीच्या स्नायूंनी ओढणारा टिकतो. अनुभवी धनुर्धराचे लक्ष्य ७० मीटरवर असते. सहा-सहा बाणांच्या बारा खेपांत ते आणण्यासाठी जाऊन-येऊन दीड किलोमीटरहून अधिक चाल होते, ती वेगळीच.

ब्रिटनमधील क्लबात प्रवेश घेणाऱ्या मुलाला आरंभी प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात बाण मारण्याइतकेच महत्त्व बाण न मारण्याला आहे. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक शिट्टी झाली की बाण सोडायला प्रारंभ करायचा आणि तीन शिट्ट्या झाल्यावरच बाण काढण्यासाठी पुढे जायचे. मैदानावर कोठेही धोका दिसला तर कोणीही ‘फास्ट’ अशी आरोळी द्यायची. इंग्रजीत एरवी त्या शब्दाचा अर्थ ‘जलद’ असा होतो. मैदानावर मात्र तो शब्द कानी पडताच सर्वांनी तत्काळ थांबायचे असते. सुटण्याच्या बेतात असलेला बाणही दोरी हळूहळू सैल करून खाली घ्यायचा. ताणलेली दोरी न सोडता मागे घेणे हा संयमाचा पाठ आहे आणि तो चौदा वर्षांचे मूल स्वतःच्या खांद्यांनी शिकते.

प्रगती कशी मोजावी, याचीही सोय आहे. पोर्ट्समथ शहराच्या नावाने ओळखली जाणारी सभागृहातील फेरी ब्रिटिश क्लबांमध्ये लोकप्रिय आहे. वीस यार्डांवर साठ सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य, साठ बाण आणि जास्तीत जास्त ६०० गुण. पहिल्या महिन्यात मुलाने आपले गुण लिहून ठेवायचे, तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीच फेरी खेळायची. स्पर्धा कालच्या स्वतःशी.

गुण मोजण्याची रीत तर मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. लक्ष्यापाशी गेल्यावर खेळाडू आपल्या बाणांचे गुण स्वतः मोठ्याने सांगतो आणि त्या लक्ष्यावरचे इतर खेळाडू ते पडताळून लिहितात. नोंद पूर्ण होईपर्यंत बाणाला वा लक्ष्यफलकाला कोणी हात लावायचा नाही. बाण दोन वर्तुळांच्या रेषेला टेकला असेल तर वरचे गुण मिळतात. टेकला नसेल तर केसभर अंतरासाठीही ते मिळत नाहीत. आपल्या चुकीचा आकडा आपल्याच तोंडाने चारचौघांत उच्चारण्याची सवय ज्याला लागली, त्याला पुढे आयुष्यातही हिशेब लपवावासा वाटत नाही.

पालकांची कसोटी

येथे पालकांशी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात या पुरस्काराचा उल्लेख केला जातो, नोकरी देणारेही त्याची दखल घेतात. साहजिकच मुलापेक्षा पालकालाच प्रमाणपत्राची घाई होण्याचा धोका तेथेही आहे. आपल्याकडे तर प्रयोगवही मोठ्या भावाने लिहून देणे, प्रकल्प बाजारातून आणणे, हजेरीच्या कोऱ्या रकान्यांत एका बैठकीत सह्या करणे, हे प्रकार घरोघरी ठाऊक आहेत. ‘एवढ्याने काय बिघडते?’ असे म्हणून सुजाण घरेही त्याकडे काणाडोळा करतात.

बिघडते ते असे. न केलेल्या सरावाचे तेरा तास वहीत भरणाऱ्या मुलाला पदक मिळेलही. परंतु आपले वडील, आपली आई या खोटेपणात सहभागी होते, ही नोंद त्याच्या मनाच्या वहीत कायमची होते. त्यानंतर त्याच घरात प्रामाणिकपणावर कितीही बोलले, तरी त्या शब्दांना वजन राहत नाही. याउलट एखादा मुलगा तीन महिने नित्य गेला, त्याचे गुण तिनशेवरून जेमतेम तिनशे वीसवर आले आणि तेवढेच त्याने लिहिले, तर त्याने पुष्कळ मिळवले. त्याच्या कांस्यपदकात भेसळ नसते.

महाभारताच्या आदिपर्वात अर्जुनाची एक कथा आहे. पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट सर्वांना पाठ असते, ही तुलनेने कमी सांगितली जाते. अर्जुनाला अंधारात जेवण वाढू नये, असे द्रोणाचार्यांनी आचाऱ्याला बजावले होते. एके रात्री अर्जुन जेवत असता वाऱ्याने दिवा विझला. अंधारातही हात बरोबर मुखाकडे जात राहिला. हा सवयीचा महिमा अर्जुनाच्या ध्यानी आला आणि त्याने रात्री अंधारात धनुष्याचा सराव आरंभला. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोण तेथे आले आणि त्यांनी शिष्याला हृदयाशी धरले. त्या रात्री तेथे प्रेक्षक नव्हते, लक्ष्य दिसत नव्हते, कोणी गुण लिहीत नव्हते. आचार्य प्रसन्न झाले ते पाळलेल्या नेमावर.

आज हा उपक्रम १३० हून अधिक देश-प्रदेशांत पोहोचला आहे. भारतातही ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने तो शाळा-महाविद्यालयांतून चालत आला आहे. महाराष्ट्रात धनुष्याची गोडी लागण्यासही आता मोठे निमित्त आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारात जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचे विजेतेपद पटकावले. सातारा जिल्ह्यातीलच सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये देशासाठी खेळला. या तिघांची छायाचित्रे मुलांच्या खोलीत जरूर लागावीत. मात्र प्रत्येक मूल जगज्जेते होणार नाही, आणि तशी अपेक्षाही त्याच्या खांद्यावर ठेवू नये. आठवड्याला एक तास स्वतःला दिलेला शब्द पाळणे मात्र प्रत्येक मुलाच्या आवाक्यात आहे.

या मेळाव्यातून घरी गेल्यावर एखाद्या मुलाने वा मुलीने धनुष्य हाती घेण्याचे ठरवले, तर पालकांनी दोनच गोष्टी कराव्यात. मैदानावर पोहोचवण्याची व्यवस्था करावी आणि परतल्यावर ‘किती गुण मिळाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कसे वाटले?’ असे विचारावे. वहीतील रकाने मुलालाच भरू द्यावेत. एखादा रकाना कोरा राहिला, तर तो कोराच राहू द्यावा.

बाण सुटल्यावर धनुर्धराच्या हाती काही उरत नाही. वारा, पाऊस, दोरीवरून किंचित घसरलेले बोट, कशानेही बाण वळू शकतो. पुढच्या शनिवारी पुन्हा रेषेवर येऊन उभे राहणे मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती असते. धरलेला नेम एखादे वेळी चुकेल. पाळलेला नेम वाया जात नाही.