वहीतल्या ओळी आणि महिन्याचा गोषवारा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



आपल्यापैकी कोणी डॉक्टर झाले, कोणी हॉटेल काढले, कोणी अजून होडी घेऊन जातात. त्यांना आपण काय करतो ते समजावून सांगावे लागत नाही. मला मात्र सकाळपासून चौघांनी विचारले, "बँकेत कॉम्प्युटरवर तू करत होतंस तरी काय?" तेव्हा आयोजकांनी दिलेल्या पंधरा मिनिटांत तेवढेच सांगते, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणी करते.

मी काय करत होते याचे उत्तर एका शब्दात आहे: गोषवारा. हजारो ओळींच्या नोंदींतून एक पान काढायचे, की ते वाचून साहेबाला निर्णय घेता येईल. आपण दहावीला होतो तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरी होता. सिंधुदुर्ग झाला १ मे १९८१ रोजी. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी मुंबईला बँकेत लागले. डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल १९८४चा. त्याच्या मागोमाग बँकांच्या शाखांत यंत्रे येऊ लागली आणि त्यातली बरीचशी युनिक्सवर चालत. काळा पडदा, पांढरी अक्षरे, माउस नाही. दिवसभराचे व्यवहार साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठत आणि रात्री त्यावरून अहवाल तयार होत. ते अहवाल काढणाऱ्या आज्ञा आम्ही एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवत असू. त्यालाच शेल स्क्रिप्ट म्हणतात. स्वयंपाकाची कृती जशी एकदा लिहिली की कोणीही करू शकते, तशीच ती. फरक एवढाच की इथे करणारे यंत्र असते आणि ते मीठ विसरत नाही.

यातली मूळ कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. युनिक्स जन्मले १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. तिथल्या डग्लस मॅकिलरॉय यांचे म्हणणे होते की प्रत्येक प्रोग्रामने एकच काम करावे, पण नीट करावे. आणि एकाचे निघालेले दुसऱ्यात जावे, बागेतल्या नळीला नळी जोडावी तसे. १९७३ मध्ये युनिक्समध्ये ही सोय आली. तिला पाइप म्हणतात. आपल्याकडे पोफळीच्या बागेत पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात जाते, तसेच हे. ग्रेप हवी ती ओळ शोधते. सेड मजकूर बदलते. सॉर्ट क्रम लावते. ऑक बेरजा करते. ऑक हे नाव १९७७ मध्ये ती भाषा लिहिणाऱ्या आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून आले. ही सगळी अवजारे आजही कोणत्याही लिनक्स यंत्रात फुकट मिळतात आणि जुन्यात जुन्या यंत्रावर चालतात.

आता इथली गोष्ट. निवृत्त होऊन मी गावी आले, आणि मच्छीमार सोसायटीतल्या मंडळींनी विचारले, "आमच्या वह्यांचा काही होईल काय?" त्यांच्याकडे वह्या होत्या: तारीख, होडी, जाळे, मासा, वजन, भाव. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला वाद तुम्हाला नवा नाही. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणणारा आदेश काढला. वाद त्यानंतरही थांबला नाही. प्रत्येक बैठकीत आपली माणसे सांगतात, "मासो कमी झालो." समोरचा विचारतो, "किती? कधीपासून?" तिथे आवाज चढतो, कारण आकडा नसतो. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था अंदाज काढते, पण ते ठरावीक बंदरांवर ठरावीक दिवशी घेतलेल्या नमुन्यांवरून. राज्याचे चित्र त्यातून दिसते; तुमच्या-माझ्या वाडीचे दिसण्यासाठी वाडीचीच वही लागते.

सोसायटीत काम करणाऱ्या दोन मुली आता वही टाइप करतात. एक नोंद, एक ओळ, मध्ये स्वल्पविराम. उदाहरणार्थ: २०२४-०१-१२, ७, गिलनेट, बांगडा, ४०, १२०. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असे लिहिले की साध्या सॉर्टनेही तारखा बरोबर क्रमाने लागतात. बस, एवढीच फाइल. ती कोणत्याही यंत्रावर उघडते आणि वीस वर्षांनीही उघडेल.

अडचणी आल्या त्या सगळ्या आपल्या भाषेच्या. एक म्हणजे नावे. एकाने लिहिले सुरमई, दुसऱ्याने इसवण. एकाने बांगडा, दुसऱ्याने बांगडो. आपल्याला ठाऊक आहे की मासा एकच. यंत्राला ते दोन वाटतात आणि बेरीज फुटते. म्हणून एक छोटी फाइल केली: डावीकडे लिहिलेले नाव, उजवीकडे ठरलेले नाव. स्क्रिप्ट आधी ती वाचते. ही यादी कोणा शहाण्याने पुस्तकातून केलेली नाही. मासे विकणाऱ्या बायकांना विचारून केली, आणि सगळ्यांत जास्त दुरुस्त्या त्यांनीच सुचवल्या.

दुसरी अडचण आकड्यांची. देवनागरी ४० हा ऑकला आकडा वाटतच नाही. ते अक्षर आहे असे समजून ती त्याची किंमत शून्य धरते आणि तक्रारही करत नाही. म्हणून पहिल्या पायरीला सेड सगळे देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलते, आणि शेवटी छापताना परत मराठी करते. माणसांनी आपल्या सवयीने लिहावे, जुळवून यंत्राने घ्यावे, हा आमचा नियम.

मग ऑक फाइल ओळीओळीने वाचते. प्रत्येक माशाच्या नावाचा जणू एक डबा ठेवते आणि त्या नावाची ओळ आली की वजन त्या डब्यात टाकते. ज्या ओळीत सहा रकाने नाहीत किंवा वजनाच्या जागी आकडा नाही, ती ओळ बाजूला, "शंका" नावाच्या फाइलमध्ये. ती ओळ स्क्रिप्ट सुधारत नाही आणि टाकूनही देत नाही. ज्याने लिहिली त्याला जाऊन विचारायचे. मूळ फाइलला मात्र स्क्रिप्टने कधीच हात लावायचा नाही. त्यामुळे कोणालाही संशय आला तर तीच फाइल, तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवावी. उत्तर तेच आले पाहिजे. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी क्रॉन हे सगळे आपोआप चालवते आणि एक पान छापून फळ्यावर लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून आमचे वर्ष ऑगस्ट ते मे. जानेवारी-डिसेंबरचा हिशेब समुद्राला लागू नाही.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचे. स्क्रिप्ट फाइलमध्ये आहे तेच सांगते. होडी गेली आणि "काय गावला नाय" म्हणून परत आली, तर पूर्वी वहीत काहीच लिहीत नसत. साहजिक आहे, लिहायचे काय? पण त्याचा परिणाम पाहा. समजा दहा खेपांपैकी चार रिकाम्या आल्या आणि सहा खेपांत मिळून १२० किलो मिळाले. वही म्हणते, खेपेला २० किलो. खरे आहे १२ किलो. डिझेल दहा खेपांचे जळले, अंग दहा दिवस मोडले. मासळी जितकी कमी होईल तितक्या रिकाम्या खेपा वाढतील, आणि त्या लिहिल्या नाहीत तर वही नेमके तेच लपवील जे आपल्याला दाखवायचे आहे. म्हणून आता रिकामी खेपही लिहितात: वजन ०. वादळामुळे होडी गेलीच नाही, तर तेही वेगळे लिहितात, कारण २०१९च्या क्यारमध्ये किंवा २०२१च्या तौक्तेमध्ये बंद राहिलेले दिवस आणि हात हलवीत परतलेले दिवस एक नव्हेत.

हे सोपे नाही. सकाळी रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला वहीत शून्य लिही म्हणणे जिवावर येते. आणि वही एकाच बाजूची साक्ष देईल याचीही खात्री नाही. एखाद्या मोसमात तारली भरपूर मिळाली तर फळ्यावर तेही लागेल, आणि समोरचा ते वाचून दाखवील. मंडळींना मी हे आधीच सांगितले. एक वयस्कर रापणकार म्हणाले, "लागांदे. खोटा लिवलेला एकदा गावला, की खरा पण कोण वाचूचो नाय." याहून चांगला नियम मला बँकेतल्या एवढ्या वर्षांत कोणी सांगितला नव्हता.

आता मागणी. आमच्याकडे आहेत त्या अलीकडच्या तीन मोसमांच्या पुऱ्या वह्या. तीन मोसमांवरून "मासा कमी झाला" असे म्हणता येत नाही. समुद्रात एखादे वर्ष असे, एखादे तसे. त्यासाठी मागचे हवे. सर्जेकोट, दांडी, वायरी, देवबाग, आचरा इथल्या घरांतून तुमच्यापैकी अनेक जण आलात. माळ्यावर, पेटाऱ्यात वडिलांच्या, काकांच्या, सासऱ्यांच्या वह्या असतील. भिजलेल्या, वाळवी लागलेल्या, अर्ध्या फाटलेल्या, चालतील. वही तुमचीच राहील. आम्ही पानांचे फोटो काढून परत देऊ आणि होडीचे नाव कोणाला दाखवणार नाही.

आणि सरांना विनंती: शाळेच्या कॉम्प्युटर कक्षात शनिवारी दोन तास नववीच्या मुलांना माझ्याकडे द्या. त्यांना मी पाइप, सॉर्ट आणि ऑक शिकवते. त्यांनी या वह्या टाइप कराव्यात. त्यांतल्या कित्येकांना आपल्याच आजोबांचे अक्षर लावावे लागेल. पहिला वर्ग पुढच्या शनिवारी ठेवता येईल. वह्या आणायच्या असतील त्यांनी जेवणानंतर मला भेटावे; मी पिशवी घेऊन आले आहे.