आबांची एक टक्का मोठी पट्टी

आजच्या भागात कुणी पाहुणे नाहीत. आज मी एकटीच बोलणार आहे, माझ्या आजोबांबद्दल. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. गेल्या वर्षी ते गेले, वयाच्या ८६व्या वर्षी. तेव्हा बोलावंसं वाटलं नव्हतं, आज वाटतंय.

आबा इंजिनिअर. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून १९६२ साली मेकॅनिकल झाले. मग काही वर्षं किर्लोस्करवाडीला नोकरी केली आणि १९७० मध्ये कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात स्वतःची फाउंड्री टाकली. नंतर ती शिरोलीच्या एमआयडीसीत गेली. फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. आधी लाकडाचा पॅटर्न करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात साधारण १४०० अंशांचं वितळलेलं बीड ओतायचं. पंपाची बॉडी, इंजिनाचे भाग असंच तयार होतं. सुरुवातीला आबांकडे कोकवर चालणारा क्युपोला होता, पुढे विजेवरची इंडक्शन भट्टी आली.

धंद्यात आबा कडक होते. कास्टिंगमध्ये कधी आत हवा अडकून भोक राहतं. त्यात लांबी भरून वरून रंग मारला की दिसत नाही. आबांच्या कारखान्यात असा एक नग सापडला, तेव्हा त्यांनी तो गेटसमोर ठेवून सगळ्यांदेखत घणानं फोडला आणि परत भट्टीत टाकायला लावला. कुणालाही शिवी दिली नाही. "गिऱ्हाइकाच्या शेतात पंप फुटण्यापेक्षा इथं फुटलेला बरा," एवढंच म्हणाले. गिऱ्हाइकाला तारीख देतानाही तसंच. काम दहा दिवसांचं असलं तरी बारा सांगायचे आणि अकराव्या दिवशी माल पोचवायचे.

आता पट्टीची गोष्ट सांगते. मी पाचवीत असताना सुट्टीत कोल्हापूरला गेले होते आणि परत येताना आबांच्या टेबलावरची एक जुनी स्टीलची पट्टी मागून आणली. शाळेत भूमितीच्या वहीत त्रिकोण काढले, तर बाईंनी प्रत्येक बाजूला लाल खूण केली. दहा सेंटिमीटरची रेघ एक मिलिमीटर जास्त! मी रडवेली होऊन आबांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले आणि मग विचारलं, "कोन बरोबर आलेत का?" कोन बरोबर होते. "मग झालं तर. तिन्ही बाजू सारख्याच वाढल्यात की."

ती पॅटर्नवाल्या मिस्त्रींची पट्टी होती. तिला कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतात. धातू गार होताना आकसतो. बीड साधारण एक टक्का, पोलाद दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीवरच्या खुणाच मोठ्या केलेल्या असतात. तिच्यावरचं १०० मिलिमीटर म्हणजे खरं १०१.

त्या आठवड्यात मला आबांचं पोस्टकार्ड आलं. त्यावर पट्टीचं चित्र, साच्याचं चित्र आणि खाली चार ओळी. तिथून ते सुरूच झालं. कुकरची शिट्टी कशी वाजते, सायकलचं फ्रीव्हील उलटं का फिरतं, नळाचा वायसर का झिजतो. दर पंधरा दिवसांनी एक कार्ड. माझ्याकडे अशी ६१ कार्डं आहेत. मी इंजिनिअर झाले नाही, पण घरातला नळ मीच दुरुस्त करते.

आता जरा अवघड भाग. माझ्या बाबांनी फाउंड्री घेतली नाही. ते पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत गेले आणि त्यानंतर दोन वर्षं आबा त्यांच्याशी बोलले नाहीत. माझा जन्म झाला तेव्हा बोलणं सुरू झालं, पण कामापुरतंच.

२००८ च्या शेवटी मंदी आली. गाड्यांचा खप पडला आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांच्या ऑर्डरी धडाधड कमी झाल्या. आबांकडे ३४ कामगार होते. बाबा रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरला गेले. मी बरोबर होते. स्वयंपाकघरात आजीजवळ बसून मी सगळं ऐकत होते. बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "तुमचं वय सत्तरच्या घरात. देणी फेडा, बंद करा. उरलेलं आयुष्य आईबरोबर सुखानं घालवा." आबांनी ऐकून घेतलं आणि फुलेवाडीचा प्लॉट विकायला काढला. आठवड्यातले तीन दिवस भट्टी, बाकीचे दिवस साफसफाई, रंगकाम, पॅटर्नची डागडुजी. पगार मात्र सगळ्यांना पूर्ण. असं सात महिने चाललं.

का, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "रायझर कशाला असतो?"

हे समजावून सांगते. साच्यात जाड भागाजवळ धातूचा एक जादा साठा ठेवतात, तो रायझर. कास्टिंग गार होताना आकसतं आणि आत पोकळी पडायला लागते, तेव्हा हा साठा आतून धातू पुरवतो. त्यासाठी रायझर सगळ्यांत शेवटी गार व्हायला हवा. काम झालं की तो तोडून परत भट्टीत टाकतात. तयार मालात तो कुठंच दिसत नाही.

२०१४ मध्ये आबांनी कारखाना शेजारच्या फाउंड्रीला विकला. पहिली अट, एकालाही कामावरून काढायचं नाही. किमतीचं बोलणं त्यानंतर.

शेवटच्या वर्षांत मी त्यांच्याकडे महिना महिना राहायचे. एका दुपारी मी सरळच विचारलं, "आबा, माझ्याशी तुम्ही इतके मऊ. मग बाबांशी असे का वागलात?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळ, तुझ्या बाबाचा पॅटर्न मी बरोब्बर माझ्याच मापाचा केला बघ. आकसायला जागाच ठेवली न्हाई. शिकलेला इंजिनिअर मी, आन् एवढं कळलं न्हाई."

मी म्हटलं, हे त्यांनाच सांगा की. "सांगतो" म्हणाले. सांगितलं नाही.

तेराव्यानंतर घर आवरताना बाबा माझी पोस्टकार्डं चाळत बसले होते. म्हणाले, "मला एकही आलं नाही गं कधी." तेव्हा मी त्यांना आबांचं ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. बाबा उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळानं परत आले आणि विचारलं, "ती पट्टी आहे का अजून?" आता ती त्यांच्याकडे आहे.

वडिलांनी मुलाला म्हणायचं वाक्य नातीच्या तोंडून पोचलं, तेही उशिरा. पोचलं हे बरंच झालं. पण आबा असताना पोचलं असतं तर त्या दोघांनी एकत्र बसून चहा तरी घेतला असता, असं मला राहून राहून वाटतं.

तुमच्याही घरात असे कुणी असतील. लेथवाले, गवंडी, शिंपी, ड्राफ्ट्समन. त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. माझा अनुभव असा, की मनातलं विचारलं तर ही माणसं गप्प होतात, पण कामाचं विचारलं की बोलता बोलता मनातलंही सांगून जातात. आणि ते कुणासाठी असेल, तर त्या माणसापर्यंत लवकर पोचवा.

एवढंच.