अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेला गेलेल्या पार्वतीबाई

(अंबरनाथ पूर्व येथे महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येक घराण्यात एखादी थोरली बाई असतेच, जिच्या प्रवासाच्या गोष्टी नातवंडं पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. कुणाची आजी पायी पंढरपूरला जाऊन आलेली, कुणाची आत्या काशीला. आज मी अशाच एका बाईंची आठवण काढणार आहे. त्या आपल्यापैकी कुणाच्या नात्यातल्या नाहीत. पण ऐकाल तर तुमच्याच घरातल्या वाटतील. त्यांचं नाव पार्वतीबाई आठवले.

जन्म १८७० चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखचा. लहानपणीच लग्न झालं. नवरा गोव्यात नोकरीला. विशीत नवरा गेला आणि पदरात एक मुलगा राहिला. त्या काळच्या रीतीप्रमाणे केस काढले आणि बाई माहेरी परत आल्या. अशा बाईचं पुढे काय व्हायचं, ते मी सांगायला नको. मागचं दार, धुणीभांडी, आणि शुभकार्यात समोर यायचं नाही.

पण पार्वतीबाईंना एक बहीण होती, गोदू. तीही बालविधवा. ती मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली आणि १८९३ साली तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. आपण ज्यांना महर्षी कर्वे म्हणतो, तेच. लोक तिला बाया कर्वे म्हणायला लागले. या लग्नापायी कर्व्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं, तरी दोघं मागे हटली नाहीत. या बहिणीच्या आधाराने पार्वतीबाई पुण्याला आल्या. पंचविशीच्या आसपासचं वय, आणि तेव्हा अक्षरओळखीपासून सुरुवात. विचार करा, शेजारी पाटी घेऊन बसलेल्या मुली केवढ्याशा असतील! आपल्या गटात अजूनही काही मावश्या सही शिकताना तोंडावर पदर घेतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

१८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, तेव्हा तिथे एक झोपडी होती, बस. पार्वतीबाई तिथल्या पहिल्या कार्यकर्त्यांपैकी. आश्रमातल्या मुलींना आई नव्हती असं नाही, पण जवळ नव्हती. ती जागा पार्वतीबाईंसारख्या बायांनी भरली. मग पैसे कुठून आणायचे? गावोगाव जाऊन व्याख्यानं द्यायची, दारोदार वर्गणी मागायची. एकट्या बाईने गाडीत बसून अनोळखी गावात उतरायचं आणि चारचौघांत उभं राहून बोलायचं. पुण्याहून मुंबईकडे येणारी गाडी आपल्या अंबरनाथवरूनच जाते बरं का. त्या मुंबईला गेल्या असतील तेव्हा इथूनच गेल्या असतील, असं मला प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की वाटतं.

वर्गणी मागणं म्हणजे काय, ते वसुलीला गेलेल्या कोषाध्यक्ष ताईंना विचारा. स्वतःच्याच गटातल्या बाईकडे थकलेला हप्ता मागताना जीभ अडखळते. इथे तर परक्याच्या ओसरीवर उभं राहायचं, आणि मागायचं ते दुसऱ्यांच्या मुलींसाठी.

आता खरी गंमत. पार्वतीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. आश्रमाचं काम मोठ्या लोकांपर्यंत न्यायचं तर ते यायला हवं, असं त्यांना वाटायचं. इथे राहून जमेना, मग जिथे सगळे तीच भाषा बोलतात तिथेच जाऊ, असं त्यांनी ठरवलं. १९१८ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, पहिलं महायुद्ध संपायच्या सुमाराला बाई अमेरिकेला गेल्या. शाकाहारी, जवळ पैसे बेताचे, भाषा तोडकीमोडकी. तिथे पोट भरायला त्यांनी लोकांच्या घरी काम धरलं. हो, घरकाम. आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळी चार डबे भरून बदलापूरच्या, कल्याणच्या इमारतींमध्ये जातात, तेच काम.

१९२० मध्ये त्या परत आल्या. पुढे १९२८ साली त्यांनी 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र लिहिलं, आणि १९३० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही निघालं. मला सगळ्यात आवडतं ते हे की परदेशात मोलकरणीचं काम केलं, हे त्यांनी लपवलं नाही. आपण मात्र कर्जाच्या अर्जावर 'व्यवसाय' विचारला की 'गृहिणी' लिहून मोकळ्या होतो. सहा घरी काम करणारी बाई गृहिणी कशी, सांगा बरं?

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. बाईचं मुख्य काम घरसंसार आणि शिक्षणही त्याला धरूनच असावं, असं त्यांचं मत. स्वतः त्यांनी पुनर्विवाह केला नाही. पण केस काढणं मात्र एका टप्प्यावर थांबवलं, आणि तेही लोकांच्या डोळ्यांसमोर. मतं जुनी आणि पाऊल नवं, अशा बाया आपल्या गावातही आहेत. त्यातल्या दोघी आत्ता हसतायत!

त्या १९५५ मध्ये गेल्या. त्यांच्याबद्दल वाचताना माझं लक्ष सारखं बायांकडे जातं. विधवा बाई लहान मुलाला घेऊन घर सोडते, तेव्हा तिला टेकायला बहिणीचं घर होतं. ते नसतं तर पाटी नाही, वर्गणी नाही आणि अमेरिकाही नाही.

म्हणून आता कामाचं बोलते. अभ्यासदौऱ्यासाठी पाच जणींनी नावं दिली होती, त्यातल्या तिघींनी मागे घेतली. 'मला बोलता येत नाही' हे एकीनेच सांगितलं. बाकीच्या दोघींची अडचण वेगळी आहे. एकीच्या सासूबाई अंथरुणावर आहेत, दुसरीच्या मुलाची परीक्षा आहे. दौरा तीन दिवसांचा आहे. जाणाऱ्या बाईच्या घरचा स्वयंपाक आणि म्हाताऱ्या माणसाचं बघणं राहणाऱ्या बायांनी वाटून घ्यायचं, असा ठराव ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत मांडा. कोण कुणाच्या घरी जाणार, ती नावंही इतिवृत्तात लिहा. सचिव ताई, वही आणलीय ना? तिघींची नावं मी अजून खोडलेली नाहीत.