तीन वर्षांची बांधाबांध



येत्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, माझे यजमान आणि साडेचार वर्षांची मुलगी, तीन वर्षांसाठी नेदरलँड्सला जाणार आहोत. आइंडहोवन हे गाव. नाव ओळखीचं वाटणार नाही कदाचित, पण १८९१ साली फिलिप्स कंपनी सुरू झाली ती याच गावात. आमचं ठरल्याचं ऐकलं तेव्हा माझे सासरे, म्हणजे बाबा, माळ्यावरच्या जुन्या फिलिप्स रेडिओकडे बोट दाखवून म्हणाले, "अरे, म्हणजे याच्या माहेरी निघालात की!"

परदेशी जायचं म्हटलं की जो तो विचारतो, "बॅगा भरल्या का?" माझा अनुभव असा, की बॅगा सर्वांत शेवटी येतात. आधी येतात ते कागद.

मुलीचा जन्मदाखला काढून पाहिला, तर नावाचा रकाना कोरा! बारसं थाटात झालं, पेढे वाटले, पण महापालिकेत नाव नोंदवायचं राहूनच गेलं. चूक सर्वस्वी आमची. पहिल्या वर्षात नाव विनाशुल्क नोंदवता येतं. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येतं. ते झालं. मग जन्मदाखला आणि विवाहाचा दाखला राज्य सरकारकडून प्रमाणित करून घेतले आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' शिक्का घेतला. भारत या करारात २००५ साली सामील झाला, त्यामुळे एवढ्यावर काम भागतं. पण हे सगळे देशांना लागू नाही. जर्मनी आपला अपोस्टिल मानत नाही. म्हणून ज्या देशात जायचं, तिथलाच नियम आधी विचारावा. शेजारच्यांचा मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा काय केलं होतं, हे आपल्या उपयोगाचं नसतं.

बँकेचंही तसंच. नोकरीसाठी परदेशी राहायला गेलं, की इथलं साधं बचत खातं तसंच ठेवून चालत नाही. ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. घराचा कर, सोसायटीची कामं यासाठी नाशिकच्या नणंदेच्या नावे मुखत्यारपत्र केलं. सोपी वाटणारी ही कामं करता करता दोन महिने गेले.

मग आला खाऊ. माणशी २३ किलो सामान. सासूबाईंनी महिनाभर साय साठवून किलोभर तूप कढवलं होतं. रवाळ, दाणेदार. नियम वाचले आणि माझ्या पोटात गोळा आला. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप नाही, पेढे नाहीत. कढीपत्ता आणि आंबाही प्रमाणपत्राशिवाय नाही. नारळ चालतो! आईंना सांगायला दोन दिवस लावले. त्या काही बोलल्या नाहीत. बरणी उचलून फडताळात ठेवली आणि म्हणाल्या, "मेतकूट तरी चालतं ना? मग भाजणी आणि मेतकूट जास्त देते."

माझं स्वतःचंही थोडं सांगते. मी मराठी शिकवते. सहा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढल्यावर मागल्या वर्षी कायम झाले. तिथल्या नियमाप्रमाणे यजमानांच्या परवान्यावर मलाही नोकरी करता येईल. पण मराठीच्या शिक्षिकेला तिथे नोकरी कोण देणार? बिनपगारी रजा एका वर्षाचीच मिळाली आहे. पुढचा निर्णय मला पुढच्या उन्हाळ्यात घ्यावा लागेल. "तू काय, मजेत फिरशील," असं कुणी म्हणालं की मी हसते. पण घरी आल्यावर ते वाक्य टोचत राहतं. नवऱ्याला मी हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "वर्षानं तुझा निर्णय आधी, माझा नंतर." हे मी इथे मुद्दाम सांगितलं; आता ऐकणारे साक्षीदार झाले!

पण खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो कुणीच काढत नव्हतं. एका रात्री जेवणं झाल्यावर बाबाच म्हणाले, "तुमची तीन वर्षं म्हणजे एक नोकरी. माझी तीन वर्षं म्हणजे शहात्तर ते एकोणऐंशी. हिशेब वेगळा आहे, एवढं लक्षात असू द्या."

घर एकदम गप्प झालं. मग आम्ही चौघं बसलो आणि मध्यरात्रीपर्यंत बोललो. रात्री-अपरात्री त्रास झाला तर १०८ ला फोन करायचा, मग खालच्या मजल्यावरच्या काकांना. विम्याची कागदपत्रं आणि औषधांची यादी टेलिफोनजवळ. शस्त्रक्रियेची वेळ आली तर सही नणंदेची. आमच्यापैकी एकाला ताबडतोब निघता येईल एवढी तिकिटाची रक्कम बाजूला. आई म्हणत होत्या, "उगीच तुमच्या जिवाला घोर नको, बारीकसारीक कळवणार नाही." तिथे मात्र बाबांनी त्यांना अडवलं. लपवायचं नाही, असं ठरलं. त्यांनी आजार लपवायचा नाही आणि आम्ही तिकडची अडचण लपवायची नाही. सगळ्या बांधाबांधीत हाच करार मला मोलाचा वाटतो. ज्यांच्या घरातून कुणी निघालं आहे, त्यांनी बॅगांआधी हे एकदा बोलून घ्यावं.

मुलगी तिथल्या शाळेत डच शिकेल. मराठी घरात राहील ती आमच्यामुळे, आणि त्याहून जास्त आजोबांमुळे. पुण्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे पाच. त्या वेळी रोज बाबा तिला फोनवर गोष्ट सांगणार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं.

तूप अजून फडताळात आहे. आई म्हणतात, "हे आम्ही संपवतो. वर्षानं याल तेव्हा ताजं कढवीन."