सरकारची कर्जवही आणि आपले पासबुक
(खातेदार मेळाव्यातील भाषण)



आज मी तुमच्या खात्याबद्दल बोलणारच आहे, पण सुरुवात सरकारच्या कर्जापासून करतो. तुम्ही म्हणाल, सरकारच्या कर्जाशी आमचा काय संबंध? संबंध असा की, हे कर्ज सरकार बहुतांशी आपल्याकडूनच घेते.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला की नाशिकला, पोस्टात भरलेला पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो. तिथून तो मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारांच्या रोख्यांत गुंतवला जातो. बँकेतल्या ठेवींपैकी ठरावीक भाग बँकांना सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित मालमत्तेत ठेवावाच लागतो. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीही हेच रोखे घेतात. म्हणजे सरकार ऋणको आहे आणि तुम्ही-आम्ही सावकार आहोत. सावकाराने ऋणकोच्या घरचा हिशेब अधूनमधून विचारावा, यात गैर काही नाही.

हिशेब सोपा आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता. येणाऱ्या प्रत्येक रुपयात २४ पैसे कर्जाचे होते. जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजात, ६ पैसे मोठ्या अनुदानांत आणि ४ पैसे निवृत्तिवेतनात जाणार होते. व्याज कोणत्याही सरकारला टाळता येत नाही. निवृत्तिवेतन आणि रेशन बंद करण्याची भाषा कोणताही पुढारी करणार नाही, आणि करूही नये. मग वाढता खर्च भागवायचा कसा? पक्ष कोणताही असो, साधारण चार वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे बिल पुढच्यांच्या नावावर टाकणे. जुन्या निवृत्तिवेतन योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून वर्गणी कापली जात नव्हती आणि सरकारही वेगळा निधी साठवत नव्हते. त्या-त्या वर्षीच्या करांतून निवृत्तिवेतन दिले जाई. १ जानेवारी २००४ पासून केंद्राने नव्या कर्मचाऱ्यांसाठी वर्गणीची योजना आणली. नंतर बहुतेक राज्ये तिच्यात आली. २०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश अशा काही राज्यांनी जुन्या योजनेकडे परतण्याचे ठरवले. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये याच मागणीसाठी मोठा संप झाला. कर्मचाऱ्यांची काळजी खरी आहे, कारण म्हातारपणी ठरलेली रक्कम कोणाला नको असते? पण यातली गोम लक्षात घ्या. जुनी योजना परत आणली की सरकारची दरमहाची वर्गणी आजच वाचते. २००४ नंतर लागलेले बहुसंख्य कर्मचारी निवृत्त होतील तेव्हा मात्र मोठे बिल येईल, आणि निर्णय घेणारे तोवर खुर्चीवर नसतील. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून मधला मार्ग काढला. एकत्रित निवृत्तिवेतन योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते, पण वर्गणीही सुरू राहते.

दुसरी वाट म्हणजे खर्च मुख्य वहीत न दाखवणे. पूर्वी पेट्रोल-डिझेल स्वस्त ठेवण्यासाठी तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी रोखे दिले गेले आणि ते फेडण्याचे ओझे पुढच्या सरकारांवर आले. रेशनच्या धान्याचेही तसेच. अनुदानाची पूर्ण रक्कम अर्थसंकल्पातून देण्याऐवजी अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज दिले जाई. म्हणजे तुमच्या पोस्टातल्या पैशातून धान्याचा खर्च भागत होता आणि तूट मात्र कमी दिसत होती. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत थांबवली. थकलेले कर्ज आणि कोविडमधले मोफत धान्य मिळून त्या वर्षीचा अन्न अनुदानाचा आकडा १.१५ लाख कोटींच्या अंदाजावरून ४.२२ लाख कोटींवर गेला. त्यातला जुन्या कर्जाचा भाग आधीपासून होताच, तो फक्त वहीत आला.

तिसरी वाट म्हणजे स्वतःच मर्यादा घालून घेणे आणि मग ती पुढे सरकवणे. २००३ मध्ये वित्तीय जबाबदारीचा कायदा झाला. केंद्राची तूट देशाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर आणायची असे ठरले. २००८ च्या जागतिक मंदीत ते बाजूला पडले. २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून मार्च २०२१ ची मुदत घातली गेली. नेमक्या त्याच वर्षी कोविड आला आणि तूट ९ टक्क्यांच्या वर गेली. संकटात कर्ज काढणे चूक नव्हे. घरात आजारपण आले तर आपणही काढतो. प्रश्न संकट सरल्यावर फेडण्याची सवय राहते का, हा आहे. २०२५-२६ साठी तुटीचा अंदाज ४.४ टक्के होता. म्हणजे उतार आहे, पण मुक्काम अजून दूर आहे.

चौथी वाट आपल्या खिशातून जाते. महागाई जास्त आणि व्याज कमी असेल तर जुन्या कर्जाचे ओझे आपोआप हलके होते, आणि ते हलके करतो ठेवीदार. एक उदाहरण घ्या. १ लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाने १,०७,००० झाले. महागाई ६ टक्के असेल तर १ लाखाचे सामान १,०६,००० ला मिळेल. वाढ उरली १,००० रुपयांची. पण व्याजावर २० टक्के कर लागत असेल तर १,४०० रुपये तिकडे गेले. पासबुकात आकडा वाढला आणि प्रत्यक्षात तुम्ही ४०० रुपयांनी मागे पडलात.

व्याजदर ठरवताना राजकारण कसे येते, तेही आपण पाहिले आहे. ३१ मार्च २०२१ ला अल्पबचतीचे दर कमी झाल्याचे जाहीर झाले. पीपीएफचा दर ७.१ वरून ६.४ टक्के होणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आदेश मागे घेतला गेला. त्या वेळी काही राज्यांत विधानसभेच्या निवडणुका चालू होत्या. कारण काहीही असो, ठेवीदार हाही मतदार आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

मग आपण काय करायचे? आधी एक भीती काढून टाका. केंद्र सरकारचे कर्ज बहुतांशी देशातलेच आणि रुपयांतले आहे. पोस्टातल्या ठेवीमागे सरकारची हमी आहे. तेव्हा "सरकार बुडणार, पैसे काढून घ्या" असा निरोप मोबाइलवर आला तर घाबरू नका आणि पुढे पाठवू नका. रक्कम सुरक्षित आहे. जपायची आहे ती तिची खरेदीची ताकद.

त्यासाठी तीन गोष्टी करा. एक, दर पाहताना महागाई आणि कर वजा करूनच पाहा. दोन, कोणत्या योजनेचा दर बांधलेला आहे हे ओळखा. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, ज्येष्ठ नागरिक योजना आणि मुदत ठेव यांत पैसे भरताना असलेला दर मुदतभर टिकतो. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धीचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते, तो बदलू शकतो. तीन, बँकेतल्या ठेवींवर विम्याचे संरक्षण एका बँकेत एका खातेदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे, म्हणून सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नका.

आणि चौथी गोष्ट नागरिक म्हणून करायची आहे. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक अशा अनेक राज्यांत आता बहिणींच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होते. ज्या घरात ती जाते तिथे तिचे मोल मोठे आहे, त्याची थट्टा करू नका. पण मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला अदबीने विचारा : "साहेब, हे पैसे कोणत्या करातून येणार, की कर्जातून? आणि कर्जातून असतील, तर फेडणार कोण?"

दुकानदार उधारी देताना वही पुढे ओढतो. आपण तर सरकारला आयुष्यभराची बचत देतो. वही पाहण्याचा हक्क आपला आहे, तो बजावा.