पंचनामा कुणाच्या घराचा होतो?

(कासू परिसरातल्या वाड्यांच्या पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत केलेली मांडणी)



भट्टीवर गेलेली आपली माणसं परत आली आहेत. कूड सारवायचे, पत्रे ठोकायचे, लाकूडफाटा भरून ठेवायचा, ही घाई सगळ्यांनाच आहे. म्हणून आम्ही थोडक्यात बोलणार. आज पावसाचं बोलायचं आहे. पण आपल्यासाठी पावसाचं बोलणं म्हणजे जमिनीचंच बोलणं आहे.

आपलं कासू बघा. एका अंगाला खाडी आणि खारजमीन, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधून हायवे आणि रेल्वे. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात येतं. डोंगरावर पाऊस कोसळला की ओढे फुगतात. सपाटीची, पाणी न लागणारी जागा सातबारावाल्यांची. आपल्या वाट्याला काय आलं? उतार आणि ओढ्याचा काठ. ही जागा आपण हौसेनं निवडलेली नाही.

आपल्या रायगडला हे नवीन नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुरानं सुधागडमधलं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, नागोठण्यात पाणी शिरलं. जाणत्यांना ते आठवतंय. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी आल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं पत्रे पाचोळ्यासारखे उडवले. २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी.

इर्शाळवाडी म्हणजे आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यातली ठाकरांची वाडी. वर जायला रस्ता नाही, पायवाट. त्यामुळे जेसीबी पोचला नाही. माणसांनी कुदळ-फावड्यानं, हातानं माती उपसली. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. काही पोरं वाचली ती आश्रमशाळेत होती म्हणून. आईबाप मात्र मातीखाली गेले.

सरकारनं तेव्हा सांगितलं, की दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. आम्ही विचारतो, यादी कुणी केली? वाडीत येऊन केली की कागदावरून केली? ज्या वाडीला गावठाण नाही, रस्ता नाही, जिची घरं कुठल्याच उताऱ्यावर नाहीत, ती यादीत येणार कशी? आधी कागदावर नसलेली वाडी धोक्याच्या यादीतही नसते. मेल्यावर मात्र सगळ्यांना सापडते.

आता पैशाचं बघा. केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२-२३ पासूनचे दर आहेत. सपाटीच्या भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. झोपडी गेली तर ८,००० रुपये. पाऊस तोच, वारा तोच, पण पंचनाम्यात ‘घर’ लिहिलं की ‘झोपडी’ यावर एक लाखाच्या वरचा फरक! शिवाय त्याच नियमात लिहिलं आहे, की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे. आपली किती घरं दुसऱ्याच्या सातबारावर उभी आहेत? किती वनखात्याच्या जागेवर? तीन-तीन पिढ्या राहून आपण अनधिकृत! वादळ सगळ्यांच्या घरावरून जातं, पण भरपाई कागद बघून येते.

मग करायचं काय?

पहिलं, घराखालची जागा. वनहक्क कायदा २००६ मध्ये जंगलजमिनीवर कसण्याचा हक्क आहे, तसाच राहण्याचाही हक्क आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा पाहिजे. दावा भरताना दळीबरोबर घर, आवार, परसही लिहा. खाजगी जागेवरच्या वाड्यांसाठी जमीन महसूल संहितेचं कलम १२२ आहे. त्याखाली जिल्हाधिकारी गावठाण ठरवू शकतात. प्रत्येक वाडीनं तसा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच नाही तर अर्ज नाही, असं समजा.

दुसरं, वाडीची स्वतःची यादी. कुठल्या घरात किती माणसं, कोण आश्रमशाळेत, कोण लावणीला बाहेरगावी, कोण बाळंतीण, कोण अंथरुणाला खिळलेलं. एक प्रत वाडीत, एक वाडीबाहेर. पत्रे उडाले, भिंत पडली तर साफ करण्याआधी फोटो काढा. तलाठी भाऊसाहेब आले की पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या, मगच अंगठा द्या. प्रत मागा. रेशनकार्ड, आधार, दाव्याची पोच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

तिसरं, डोंगरावर नजर. जमिनीला नवी भेग, वाकलेली झाडं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा बंद पडणं, दार अचानक चौकटीत अडकणं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हाताऱ्यांना, पोरांना घेऊन खाली या, १०७७ ला फोन करा. कुठं जायचं ते आजच ठरवा. रात्रीच्या पावसात ठरवता येत नाही.

एक धोका अजून आहे. दरडीचं नाव पुढं करून वाडी उठवायची आणि मागं जमीन दुसऱ्यालाच द्यायची, ही भीती बाया बोलून दाखवतात. ती खोटी नाही. पण म्हणून पोरांना दरडीखाली झोपवायचं नाही. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं, की दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जातल्या वनजमिनीवरून कुणाला काढता येत नाही. घर हलवलं म्हणजे दळी सोडली असं होत नाही. घर हलवायचं तर जागा ग्रामसभेत ठरेल, पाणी, शाळा आणि दळी चालत जाण्याच्या अंतरावर असेल, आणि जागेचा कागद आधी हातात येईल. मगच आपण हलू.

पाऊस थांबवणं आपल्या हातात नाही. पण पुढच्या पंचनाम्यात आपलं घर ‘घर’ म्हणून लिहिलं जावं, हे हातात आहे. अर्ज तयार आहेत. आज सह्या-अंगठे करूनच उठायचं, आणि पाऊस लागायच्या आत सगळ्या वाड्यांनी मिळून पेणला तहसील कचेरीत जायचं.

घर आमच्या हक्काचं, जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!